टाचणी लावलेलं गाव

खानावळ जागेवरच होती, आणि चांगली चालू होती. ‘ती कधीच बंद पडली असेल’ असं मिस्त्री दोन दिवस बायकोला सांगत होता. लेकीची बदली या बंदराच्या गावात झाली म्हणून दोघं आली होती, आणि आल्यापासून बायकोने एकच धोशा लावला होता: माशांचं सूप मिळतं ती खानावळ बघायचीच. मिस्त्रीने आधी पोटाचं निमित्त काढलं, मग गुडघ्याचं. शेवटी लेकच म्हणाली, “बाबा, कोपऱ्यावर तर आहे!” तेव्हा त्याचा नाइलाज झाला.

“निळं दार म्हणाला होतात ना? बघा, निळंच आहे,” बायको म्हणाली. निकाल बघायला आलेल्या मुलीसारखी ती अधीर झाली होती.

मिस्त्रीने जन्मभर गावोगाव लिफ्ट बसवल्या. बायकोला फिरण्याचं वेड, आणि खाण्याचं त्याहून जास्त. पण ती घरी. तो परतला की तिथे काय खाल्लं ते सांगायचा, आणि ती पदर खोचून तेच करायला लागायची. आज साधलं नाही तर उद्या, उद्या नाही तर परवा. चव जुळली की मिस्त्री स्वयंपाकाच्या ओट्यावर भिंतीला लावलेल्या नकाशात त्या गावावर टाचणी टोचायचा. “झालं! या गावाला जाऊन आलीस तू.” शेजारणी तिला ‘जगप्रवासी’ म्हणून चिडवायच्या आणि ती फुशारून जायची. एकदा बहिणीने याच बंदराच्या सहलीला चल म्हणून फार गळ घातली होती. मिस्त्रीने नुसतं नकाशाकडे बोट दाखवलं. बहीण एकटीच गेली.

गल्ल्यावरच्या बाईने दोन वाडगे आणून ठेवले. बायकोने आधी वास घेतला, मग चमचाभर सूप तोंडात धरून थांबली. आंबटपणाची वाट बघत होती. तो आलाच नाही. सूप दाट होतं, मऊ, तळाशी मंद परतलेल्या कांद्याचा गोडवा. तिचं सूप पातळ व्हायचं, जीभ आखडेल इतकं आंबट. लिंबू घालावं की व्हिनेगर, या घोळात तिने एक अख्खा आठवडा घालवला होता.

“ताई, यात काही बदल केलाय का?” तिने बाईला विचारलं. “पूर्वी आंबट असायचं ना?”

“आंबट?” बाई हसली. “सासूबाईंच्या वेळेपासून हे असंच आहे. आंबट केलं तर त्या फोटोतून उतरून भांडायला येतील.”

भिंतीवरच्या फोटोतली म्हातारी खरंच भांडकुदळ दिसत होती. एरवी बायको यावर खळखळून हसली असती.

मिस्त्रीचं या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. त्याने वाडगा पावाने पुसून साफ केला आणि दुसरा मागवला. घरी या सुपाचा दुसरा वाडगा त्याने कधीच घेतला नव्हता. पहिला घास घेऊन त्याने डोळे मिटले.

“आहाहा! तीच चव. अगदी तीच!”

टाचणी टोचतानाही तो हेच म्हणायचा, अगदी याच आवाजात. डोळे उघडले तेव्हा बायको त्याच्याकडेच बघत होती.

“मग मी करत होते ते काय होतं?”

“तेही छानच होतं की.”

“आंबट होतं. तुम्हीच सांगितलंत, आंबट असतं म्हणून.”

“बोललो असेन. तिथून आलो की दमलेला असायचो, तू दारातच सुरू व्हायचीस, काय खाल्लं, कसं होतं... काहीतरी सांगायला नको?” तो समजूत काढल्यासारखा हसला. “आणि रोज रोज तेच ताटात, अगं! किती दिवस खाणार माणूस? टाचणी लावली की तू निघायचीस पुढच्या गावाला.”

तिला आधी लाज वाटली. पाहुण्यांना वाढताना ती सांगायची, तिथे अस्संच मिळतं, हे स्वतः खाऊन आलेत. मग लाज ओसरली आणि संताप आला. चवीचं खोटं तिने एक वेळ पोटात घातलं असतं. पण प्रत्येक टाचणीबरोबर एकेक गाव बंद झालं होतं. जाऊन आलीस, मग पुन्हा कशाला जायचं? आणि टाचणी लागावी म्हणून ती स्वतःच तासन्‌तास विस्तवापाशी उभी राहिली होती.

“किती खऱ्या?” तिने विचारलं.

“काय किती?”

“टाचण्या.”

मिस्त्री वाडग्यात चमचा फिरवत राहिला. “आता एवढं कुठे आठवतंय! निवतंय बघ तुझं. खा.”

तिने वाडगा जवळ ओढला आणि खरंच खायला लागली, सावकाश, एक थेंबही न सांडता. चव उत्तम होती, याचाही तिला राग आला. मिस्त्रीला हायसं वाटलं. त्याने आपल्या पावातला अर्धा मोडून तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही.

“तुमची पक्कड कुठे असते हो?”

“हत्यारांच्या पेटीत. का गं?”

“घरी गेल्यावर लागेल,” ती म्हणाली. “वाफेने गंजून रुतल्यात सगळ्या. हाताने निघायच्या नाहीत.”