बैठकीतली केळ

केळीच्या कुळातलं कुठलंही झाड नवलआबा डोळे मिटून ओळखतात, अशी पाचोऱ्यात ख्याती होती; निदान आबा तसं सांगायचे. त्यांच्या पत्नी कमलबाईंनी हौसेनं बैठकीतल्या कुंडीत लावलेलं झाड त्यांनी केळ ठरवलं आणि घड यावा म्हणून चार वर्षं त्याच्या बुंध्याशी फुटणारी पिलं छाटली.

"एखादं राहू द्या ना," कमलबाई म्हणायच्या.

"तुले केळीमा काय समजस?"

दिवाळीत कमलबाई वारल्या. महिन्याभरात झाडाला लाल फूल आलं आणि मग झाडच वाळू लागलं. लेकीनं, पुनमनं, मोबाइलवर फोटो घालून पाहिला.

"आबा, ही केळ नाही, हेलिकोनिया आहे, केळीसारख्या पानांचं शोभेचं झाड. फुललेला दांडा वाळतोच. पुढे झाड जगतं ते पिलांवर."

आबा बराच वेळ कुंडीतली माती चाचपत राहिले.

"पोरी, तुन्हा मोबाइलले एवढं इचार, आते एखादं पिल फुटी का?"