बायोडेटातले अठरा लाख

"अठरा लाख म्हणजे महिन्याला दीड लाख!" मुलीच्या मामांनी बायोडेटा टीपॉयवर ठेवला आणि कौतुकाने सुजयकडे पाहिलं. शेजारी बसलेली त्याची आई खुशीत हसली. तो आकडा तिनेच हौसेने ठळक अक्षरांत टाकायला लावला होता.

सुजयने तोंडाशी नेलेली सुरळीची वडी परत बशीत ठेवली. लग्न ठरलं की याच हिशोबावर फ्लॅट बघितला जाणार. त्याने बशी खाली ठेवली. "मामा, दीड लाख हातात येत नाहीत हो. त्या अठरात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस सगळं धरलंय. शिवाय माझा पीएफ आणि इन्कम टॅक्स कापून खात्यात जमा होतात एक लाख नऊ हजार."

मामांचं हसू मावळलं. आईने डोळे वटारले.

समोर बसलेल्या ऋजुताने मात्र मोठा सुस्कारा सोडला. "सुटले बाई!" ती वडिलांकडे वळली. "बाबा, आता माझ्याही चौदा लाखांचं खरं काय ते सांगून टाका."

बाबांनी मान खाली घातली. सुजयच्या आईने मघापासून नको नको म्हटलेली वडी उचलली आणि निवांत तोंडात टाकली.