पूर्वेकडची झाडी

२००६ मधली मार्चची दुपार. अमेरिकेतल्या कोलंबस शहरातल्या युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये, स्क्रीनवर नोईचं गाव रंगत आलं होतं. ईशान्य थायलंडमधलं गाव ते. उत्तरेला ओढा, दक्षिणेला डांबरी रस्ता, मधल्या उंचवट्यावर देऊळ आणि घरं, बाकी चहूकडे नुसती भातखाचरं. रंगवायचा राहिला होता तो पूर्वेकडचा दाट झाडीचा एक तुकडा.

"ही रिकामी जमीन ना? ग्रे टाकतो," सिद्धेश नोईला इंग्रजीत म्हणाला. नागपूरचा हा गडी कामाला वाघ, पण घाई पाचवीला पुजलेली. संध्याकाळी नकाशा तिकडच्या जिल्हा कचेरीला मेल करायचा होता. कचेरीला गावात मोठं तळं खोदायचं होतं आणि त्यासाठी रिकामी जागाच हवी होती.

नकाशा नोईच्याच थीसिसचा, गाव तिचंच, तरी ती तोंडात गुळणी धरून बसलेली. लॅबच्या मागच्या मीटिंगमध्ये तिने त्या झाडीतल्या आत्म्यांविषयी काही सांगू पाहिलं, तेव्हा लोक गालातल्या गालात हसले होते.

शेजारी बसलेल्या गिरिजाला राहवेना. ती सावंतवाडीकडची. इंच इंच जमिनीत भात लावणारं गाव एवढाच तुकडा सोडतं, ते काय उगाच?

"नोई, तिथली झाडं कुणी तोडत नाही का?" तिने इंग्रजीत विचारलं.

"वाळलेली काटकीसुद्धा नेत नाहीत."

"आणि आत जायचं असेल तर?"

"आधी विचारावं लागतं," नोई खाली बघत म्हणाली. "गावातला एक म्हातारा आमच्या वतीने विचारतो."

गिरिजाला घरची आठवण झाली. तिच्या गावच्या देवराईतही देवाला गाऱ्हाणं घालून परवानगी मागितल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नसे.

"सिद्धेश, ग्रे नको. लाल टाक."

"लाल म्हणजे वस्ती, यार. फार तर फॉरेस्ट म्हण."

"फॉरेस्ट म्हटलं की उद्या तोडतील. वस्तीत कुणी तळं खोदत नाही."

"अगं, पण एक छप्पर दिसत नाही. प्रोफेसरला काय सांगू?" वैतागून तो नोईकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, "तूच सांग. तिथे राहतं कोण?"

नोईने मान वर केली.

"ज्यांनी गाव वसवलं, ते," ती म्हणाली. "आम्ही नंतर आलो."