लुखान्योसारखा

गावातल्या बाया पोरांना धाक घालायच्या, "नीट वागा, नाहीतर लुखान्योसारखे व्हाल!"

लुखान्योला असलेल्या स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारात रोगप्रतिकारशक्ती बदलते का, हे बघायला आज दवाखान्यात लुखान्योचं रक्त घेतलं.

"आता ताडून बघायला तुझ्यासारखाच एक जण हवा," सिस्टर म्हणाली. "आपल्याच खोसा जमातीतला, तुझ्याच वयाचा, पण निरोगी. आहे का कोणी?"

लुखान्यो खाली बघत दंडावरचा कापूस दाबू लागला.

तेवढ्यात बाहेर थांबलेले त्याचे तिघे मित्र बाह्या सरसावत आत घुसले. खोसा रीतीप्रमाणे वयात येताना सुंता झाल्यावर डोंगरावरच्या झोपडीत, अंगाला पांढरी माती फासून, चौघे एकत्र राहिले होते.

"सरक रे फिकिले! सुई बघूनच तुला घेरी येते."

"गप बस! अख्ख्या गावाला विचार, हुबेहूब लुखान्योसारखा मीच आहे!"