पट्टीखालचा डोळा

डॉक्टर प्रियदर्शनींनी फाइल पुन्हा उलटून पाहिली. उजव्या डोळ्यातलं जूनचं इंजेक्शन झालं होतं. जुलै आणि ऑगस्टमध्ये गणपतराव दवाखान्यात आलेच नव्हते.

फाइल दुसऱ्या कुणाची असणार, असं त्यांच्या बायकोला, बायडाबाईला आधी वाटलं. दोन्ही वेळा नवरा नेसरीहून पहाटेच्या एसटीने कोल्हापूरला आला होता आणि संध्याकाळी डोळ्यावर पट्टी घेऊन घरी परतला होता. तिने ती जपून काढली होती, वेळेवर थेंब घातले होते, आठवडाभर म्हशींच्या धारा एकटीने काढल्या होत्या.

"पट्टी मग कुनी लावली?" तिने विचारलं.

मेडिकलातनं आणली, गणपतराव पुटपुटले. स्टँडवर बसून स्वतःच चिकटवली. आजारी म्हशीला बिनदिक्कत सुई टोचणारा हा माणूस, डोळ्यात सुई म्हटल्यावर भीतीने त्याचं पाणी पाणी झालं होतं. तसं सांगितलं असतं तर तिने शेजारी बसून हात धरला असता.

डॉक्टरही चिडल्या होत्या, तरी समजावून सांगत होत्या. साखरेच्या आजारात डोळ्याचा पडदा उपाशी पडतो आणि रक्त मागणारं एक द्रव्य सोडतो. शिरांच्या पेशींवर ते टिपून घेणारे ग्राही असतात. द्रव्य त्यांना मिळालं की नव्या शिरा फुटतात, पण कच्च्या. त्या तडकतात आणि आत रक्त सांडतं. इंजेक्शन ते द्रव्य वाटेतच धरतं. दोन महिने त्याला धरायला कुणी नव्हतं. उजवा डोळा रक्ताने भरला होता. आता डाव्यातही शिरा फुटायला लागल्या होत्या, त्याला आजच इंजेक्शन हवं होतं.

"नवं फुटतंय ते चांगलंच की, म्याडम," गणपतराव उसनं हसले. "आनि दिसतंय की मला उजव्यानं."

बायडाबाई त्यांच्याकडे वळली. "अजून खोटंच बोला. डोळा तुमचा गेला, पन दोन म्हैनं आंधळं मला केलंसा."

डॉक्टरांनी गणपतरावांचा डावा डोळा तळहाताने झाकला आणि समोर काय दिसतंय ते विचारलं. बायडाबाई समोरच्या खुर्चीवरून अनवाणी पायांनी, आवाज न करता उठली आणि दाराजवळच्या टेबलाशी गेली. नर्सने डाव्या डोळ्याच्या इंजेक्शनचं संमतीपत्र पुढे केलं.

गणपतरावांनी तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. "ही काय, हितं बसलीया की. रडतीया बघा."

बायडाबाईने सही पुरी केली. तिचे डोळे कोरडे होते.