पुढची शून्यं

तापवताना दोन रेणूंपैकी आधी कोणता बदलतो, हे वर्णपटांवरून दाखवणारा आलेख उलटाच आला, तेव्हा मी माझ्या विद्यार्थिनीला फैलावर घेतलं. "मोजमापच गचाळ आहे तुझं!" तिला तोंडही उघडू दिलं नाही. तिने संशोधन सोडलं.

आज, वर्षभराने, चूक सापडली. संगणकाने तापमानांच्या फाइली नावातला पहिला अंक बघून लावल्या होत्या. १०० अंश आधी, २० नंतर. मी लगेच तिला फोन केला.

"अगं, तुझी मोजमापं बरोबर होती. फाइलींचा क्रम चुकला होता."

"हो मॅडम. म्हणूनच तर मी नाव ०२० असं द्यायचे."

"नसते चोचले" म्हणत ती शून्यं मीच काढून टाकली होती.