मागची जागा

बादलीत हात घालायची वेळ आली तशा अरुणाबाई एक पाऊल मागे सरल्या. दोन उन्हाळे त्यांनी ही बादली टाळली होती.

"काढ ना आई," पुष्कर म्हणाला. "मागे लाइन लागलीये."

कॅनडातल्या सस्काटून शहराबाहेरच्या त्या मोटारशर्यतीच्या मातीच्या ट्रॅकवर रीतच तशी. फाटकाशी प्लॅस्टिकची बादली, तिच्यात आकडे घातलेल्या चकत्या. ड्रायव्हरने काढावी, नाहीतर त्याच्या घरच्या कुणी. लहान आकडा निघाला तर गाडी पुढे, मोठा निघाला तर मागे. नवशिक्याला चकती नाही, त्याने मागूनच सुटायचं. आणि जो उशिरा येईल तो सगळ्यांच्या शेवटी.

ते शेवटचं अरुणाबाईंनी पहिल्याच दिवशी हेरलं. शाळा चौथीत सुटली म्हणून काय झालं, अक्कल काही मास्तर वाटत नाहीत. त्या दिवसापासून शनिवारी त्यांच्या घरातून वेळेवर कुणी निघालं नाही. कधी पूजा लांबायची, कधी डबा भरायचा राहायचा. आणि गाडी गावाबाहेर खडीच्या रस्त्याला लागली की हमखास आठवायचं, "अरे, स्टोव्ह बंद केला का मी?" पुष्कर एक शब्द न बोलता ट्रेलरसकट गाडी वळवायचा. गुणी पोरगा.

त्याचे वडील, भाऊसाहेब, गेले ते मागून. लाल दिव्याला शहाण्यासारखे उभे होते. बर्फावरून घसरत आलेल्या पिकअपने त्यांना पाठीमागून चिरडलं. तेव्हापासून अरुणाबाईंनी एकच गाठ मारून ठेवली, माणसाच्या पाठीमागे कुणी असू नये. पोरगा खाणीत इंजिनियर, आणि शनिवारी पत्रे ठोकलेला खटारा मातीत गोल गोल फिरवतो! पण बाप गेल्यावर त्याला हसू यायचं ते तेवढ्यापुरतं. ते कुठल्या तोंडाने हिसकावायचं? फिरव म्हणावं, पण शेवटून फिरव. बाई पहिल्यांदा बघायला आल्या त्या शर्यतीला तो मध्ये होता, तर त्यांनी डोळे मिटले ते इंजिनं थंड झाल्यावरच उघडले. तो शेवटी गेला तसं त्यांचं चित्त थाऱ्यावर आलं. मग त्या फळीवर ऐटीत बसायच्या, सगळी शर्यत डोळे भरून बघायच्या. संपल्यावर पुष्कर यायचा तो नुसता मातीचा गोळा, त्यातून दात तेवढे दिसायचे. बेसमेंटमध्ये त्याचे कपडे धुताना बाई वैतागायच्या, पण मनातून निवांत असायच्या.

आज मात्र पोराने काही चालू दिलं नाही. पूजेतून उठवलं. डबा स्वतः भरला. स्टोव्हचं विचारल्यावर फोन पुढे धरला. "हा बघ फोटो. निघतानाच काढला. बंद आहे."

अरुणाबाईंनी बादलीत हात घातला, तळापर्यंत नेला, आणि चकती वर काढली. एक.

"नंबर वन!" फाटकावरचा माणूस ओरडला. "ममा, गुड हँड!"

"नको, नको. दुसरी काढते." त्या चकती परत टाकायला गेल्या. पुष्करने त्यांची मूठ मिटली. त्याने सुस्कारा सोडला, तो बक्षीस लागल्यासारखा नव्हता. ताप उतरल्यासारखा होता.

फळीवर शेजारी लिंडा येऊन बसली. तिचा मुलगा कोडी याच महिन्यात शर्यतीत गाडी चालवायला लागला होता. "माय बॉय, लास्ट," ती म्हणाली. चेहरा उतरलेला.

अरुणाबाईंना तिचा हेवा वाटला. तरी त्यांनी धीर दिला. "बॅक गुड. नोबडी बिहाइंड. सेफ." लिंडाने त्यांचा हात घट्ट धरला.

पाऊस पडून कितीतरी दिवस झाले होते. ट्रॅकवर पाणी मारणारा टँकरही सकाळपासून बिघडलेला. माती तापून भुगा झाली होती. हिरवं निशाण हललं आणि अरुणाबाईंनी डोळे मिटले.

इंजिनांचा आवाज फिरून फिरून आला. मग पत्रा फाटल्यासारखा एक आवाज. मग एकेक इंजिन बंद पडत गेलं. हातात लिंडाचा हात नव्हता.

डोळे उघडले तर ट्रॅकच नव्हता. नुसती धूळ उभी होती. ती खाली बसली तेव्हा दिसलं. एक गाडी वळणावर बंद पडली होती आणि शेवटची गाडी तिच्यात सरळ घुसली होती. ब्रेकसुद्धा मारलेला नव्हता. कोडीला स्ट्रेचरवरून नेलं. त्याचा हात हलत होता, का नेणाऱ्यांच्या पावलांनी हलत होता, ते कळलं नाही. लिंडा चप्पल टाकून मागे धावत होती.

पुष्कर कुंपणाशी आला. त्याने हेल्मेट काढलं. चेहरा स्वच्छ होता. इतक्या शनिवारांत पहिल्यांदा.

"त्या पोराने ब्रेक का नाही रे मारला?"

"दिसलं नसेल, आई. शेवटच्याला काही दिसत नाही. सगळ्यांची माती त्याच्यावर येते. पुढच्याच्या आवाजावर वळायचं, बस. आज तर टँकरही नाही, सकाळीच कळलं होतं."

अरुणाबाईंनी कुंपणाची जाळी धरली.

"म्हणून आज मला ओढत आणलंस?"

त्याने मान हलवली.

"म्हणजे तुला ठाऊक होतं, मी मुद्दाम..."

"दर शनिवारी कुणी स्टोव्ह विसरतं का?"

"मग मेल्या, बोलला का नाहीस? दोन वर्षं आंधळा फिरत होतास!"

अँब्युलन्स फाटकातून बाहेर पडली. तिची धूळ बसेपर्यंत पुष्कर तिकडेच बघत राहिला.

"बाबा गेल्यापासून तू कशाकडेच धड बघत नव्हतीस," तो म्हणाला. "मी मागे असलो की डोळे उघडे ठेवून बसायचीस."